मॅडमच्या कागदावरची घराणी

किणकिण, किणकिण. खड्डा आला की मागच्या बर्फाच्या पेटीतून तो आवाज यायचा. त्यात लोकांच्या रक्ताच्या नळ्या असायच्या. मी जीप चालवायचो, शेजारी डॉक्टर मॅडम. साखरेचा आजार आपल्याकडच्या घराण्यांत कसा उतरतो, ते त्या शोधत होत्या. जुन्नर-आंबेगावात गावोगाव हिंडलो. गाडीत धूळ साठते, तसे किस्सेही साठत गेले.

कळंबला निरोप धाडला होता, सकाळी उपाशीपोटी या. एक आजी आल्या. काही खाल्लं का, मॅडमनी विचारलं.
"नाय बाई. भगर आन् शेंगदाण्याची आमटी, तेवढीच."
आजींना उद्या पुन्हा बोलावलं.

नारायणगावला एक टोमॅटोवाले भेटले. मॅडम त्यांना समजावत होत्या, की औषधं परदेशातल्या लोकांचं रक्त तपासून ठरतात, आपलं कोणी फारसं तपासलेलं नाही.
ते म्हणाले, "बियाण्याचं बी तसंच हाय. दुसऱ्या मुलखातलं वाण आमच्या रानात चालंलच असं नाय."
गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "हेच सांगायला मला सभेत अर्धा तास लागतो."

दोन भाऊ होते. बांधाच्या वादावरून बोलणं बंद. रक्त द्यायला एकाच बाकावर बसावं लागलं.
"तुला बी हाय का रं?" थोरल्याने विचारलं.
"हाय. गोळी घ्यायची ध्यानात ऱ्हात नाय."
पुढच्या खेपेला गेलो, तर थोरला रोज सकाळी बांधावरून ओरडून गोळीची आठवण करतो म्हणे. बांधाचा वाद मात्र चालूच होता.

अवसरीच्या तात्यांची बायको साखरेने गेली, आधी पाय गेला होता. मॅडम घराण्याचा तक्ता काढत होत्या. मुलाला चौकोन, मुलीला गोल.
"पोरं किती?"
"दोन. दोन्ही पोरगेच."
दोन चौकोन काढले. त्यांची धाकटी मुलगी सुनंदा मला माहीत होती. तिने मनाने लग्न केलं, तेव्हापासून तात्यांनी तिचं नाव टाकलं होतं. बापच नाव घेत नाही, तर आपण कसं घ्यायचं?
मॅडम म्हणाल्या, आईचा आजार मुलांत उतरू शकतो, तक्त्यातल्या प्रत्येकाला तपासायला बोलावू.
तात्यांनी कागद जवळ ओढला.
"पाय जायच्या आदी कळतं का, बाई?"
"कळतं. लवकर तपासलं तर पाय वाचवता येतो."
त्यांनी मॅडमच्या हातातली पेन्सिल घेतली. दोन चौकोनांशेजारी एक वाकडातिकडा गोल काढला. खाली एकेक अक्षर जुळवत लिहिलं, सुनंदा, मंचर. पेन्सिल कागदावर ठेवली, टोपी सारखी केली, आणि रानाकडे निघून गेले.