दुसरा बांध बंद झाला तेव्हा

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर, कर्कवॉल बंदराच्या धक्क्यावर मार्जरी फौबिस्टर आपल्या व्हॅनपाशी उभी होती आणि तिच्यासमोर सहलीच्या जहाजातून उतरलेले एक नवरा-बायको भांडत होते. भांडण तिच्याच गाडीवरून चाललं होतं, त्यामुळे ऐकू येत नाही असं दाखवणंही अवघड.

"ती बघ जहाजाची बस, नोरीन," नवरा म्हणत होता. "तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. या बाईंच्या गाडीसाठी कोण थांबणार आहे?"

"बस हर्स्टनला जात नाही, विल्फ."

"मग? हर्स्टन काय पळून चाललंय?"

"मी सत्तर वर्षांची झाले. मी पळून चाललेय."

विल्फ टनिक्लिफ मार्जरीकडे वळला. इंग्लंडातल्या स्टोकचा माणूस, आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला. "खरं सांगा बाई. आपल्याला उशीर झाला तर जहाज थांबेल?"

"नाही," मार्जरी म्हणाली. "बसमधल्या माणसांची जबाबदारी जहाजाची. माझ्या गाडीतल्या माणसांची माझी."

तिला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. पण नोरीन दार उघडून आत बसलीसुद्धा. विल्फ दोनदा बसकडे बघून, कुरकुरत तिच्यामागून चढला.

मार्जरीने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती सोडून तिने ही आठ जणांची व्हॅन घेतली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. उन्हाळाभर ऑर्कनीला मोठाली जहाजं लागत. त्यातले बरेच लोक जहाजाच्याच सहलीला जात. पण कुणाला आजोबांचं शेत बघायचं असे, कुणाला एखादा पक्षी, कुणाला नुसती गर्दी नको असे. असे लोक मार्जरीकडे येत. काम तिला मनापासून आवडे, पण दुपारी दोन वाजले की तिच्या तोंडाला कोरड पडायची. बोलताबोलता ती मनात मैल मोजत असायची. संध्याकाळी जहाज सुटल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. तिचा नवरा मॅन्सी म्हणायचा, "तुला पगार काळजी करण्याचाच मिळतो. गाडी तू फुकट चालवतेस."

त्या दिवशी वारा आग्नेयेचा होता, आणि तो वाढणार होता. आणखी चौघांनी बुकिंग केलं होतं. त्यांनी सकाळी हवामान बघून नाही म्हणून कळवलं. आग्नेयेच्या वाऱ्याला भरतीची जोड मिळाली की दक्षिणेकडच्या बेटांना जोडणाऱ्या चार बांधांपैकी दुसऱ्यावर लाटा चढतात आणि रस्ता बंद करावा लागतो. भरती चारची होती. मार्जरीने हिशेब केला, अडीचच्या आत बांध ओलांडून परत आलो की झालं. चार वाजता सगळे जहाजावर हवेत, पाचला जहाज सुटतं. दीड तास हातात राहतो.

पहिल्या आणि दुसऱ्या बांधाच्या मधल्या छोट्या बेटावर, युद्धकैद्यांनी बांधलेल्या चॅपलपाशी, जहाजाची बस उभी होती. तिचा ड्रायव्हर एडी रेंडल हा मार्जरीचा शाळेपासूनचा दोस्त.

"काय गं, दोनच?" त्याने खिडकीतून विचारलं. "टॅक्सी काढलीस काय?"

"तू तुझी मेंढरं मोज. एखादं राहील चॅपलात."

"राहिलं तर ऑफिस बघून घेईल, मला काय! म्हणून तर सांगतो, अर्ज दे. गाईड म्हणून बसमध्ये माईक घेऊन बसायचं, घरी जाऊन ढाराढूर झोपायचं." मग त्याने आवाज उतरवला. "कुठवर जातेस?"

"हर्स्टन."

एडीने समुद्राकडे पाहिलं. "मी दीडपर्यंत इथेच आहे. बांध डोळ्यांसमोर आहे माझ्या. काही वाटलं तर फोन करतो."

हर्स्टन म्हणजे खाडीकाठची घरांची एक ओळ. नोरीनची आई इसा तिथली. वयाच्या बाविसाव्या वर्षी ती स्टोकला गेली, भांड्यांच्या कारखान्यात लागली, आणि पुन्हा कधी आली नाही. घराविषयी बोलायची नाही. भाऊबहीण कुणी नव्हतं म्हणायची. पाण्याची इतकी भीती, की मुलीला एकदाही समुद्रावर नेलं नाही. नोरीनकडे एक पत्ता होता आणि आईच्या तरुणपणचा एक फोटो.

पत्त्यावरच्या घरात बेंजी अॅनल राहत होता, चौऱ्याऐंशी वर्षांचा, एकटा. फोटो त्याने खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मग म्हणाला, "आत ये, पोरी. इसाची पोर दारात उभी ठेवू का मी?"

त्याने चहा टाकला, जवाची जाड भाकरी आणि चीज पुढे केलं. मार्जरी दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. एक वाजून पाच मिनिटं. दीडला निघायचं.

"मी तेव्हा शेजारचं पोर, हे घर आम्ही नंतर घेतलं. वल्हं मारायला इसानंच शिकवलं मला," बेंजी म्हणाला. "खाडीपलीकडे टपाल न्यायची ती, होडीनं. पुरुषांनासुद्धा ऐकायची नाही."

नोरीन हसली. "आमची आई? ती तर न्हाणीघरातल्या टबात बसायलासुद्धा घाबरायची."

"तेव्हा नव्हती घाबरत," बेंजी म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला. "रॉबी जाईपर्यंत नव्हती."

"कोण रॉबी?"

नेमका तेव्हाच मार्जरीचा फोन वाजला. ती अंगणात आली. एडी होता.

"निघ. पाणी उडायला लागलंय बांधावर. मला ऑफिसनं आत्ताच परत बोलावलंय."

"भरती तर चारला आहे!"

"ते समुद्राला सांग. निघ, मार्जरी."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बांधापर्यंत वीस मिनिटं. मार्जरी आत वळली. नोरीन पुढे वाकून बसली होती, म्हाताऱ्याचा हात तिच्या हातात होता. तो हळूहळू सांगत होता: रॉबी इसाचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा, हट्ट करून होडीत बसला, वारा असाच आग्नेयेचा, वल्ही इसाच्या हातात. विल्फने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

शाळेच्या बसमधल्या मुलांना मार्जरीने हजारदा दटावलं होतं, चला, उठा, वेळ झाली. इथे तिची जीभ उचलेना. पाच मिनिटं, तिने ठरवलं. पाचाची दहा झाली, दहाची तीस. बेंजी मध्येच थांबायचा, शब्द शोधायचा. खिडकीच्या काचेवर खारं पाणी साचत होतं. तरी मार्जरी उभीच होती.

"बापाने तिला एका शब्दाने विचारलं नाही," बेंजी शेवटी म्हणाला. "तेच वाईट झालं. ओरडला असता तर राहिली असती ती."

निघायला एक पन्नास झाले. मार्जरीने गाडी अशी हाणली की विल्फने वरची मूठ घट्ट धरली. चौथा बांध झाला, तिसरा झाला. दुसऱ्यापाशी वळण घेतलं आणि तिला लाल दिवे दिसले. फाटक पडलेलं. त्यापुढे एक लाट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आपटून रस्त्याच्या अंगावर कोसळली.

फाटकाशी पिवळा कोट घातलेला पोलीस होता. "सहा मिनिटं झाली बंद करून," तो म्हणाला.

सहा मिनिटं.

"उघडेल कधी?"

"भरती उतरल्यावर. साडेपाच, सहा. वारा पडला तर आधीही. मी काय सांगू?"

ती गाडीत येऊन बसली. मागून विल्फचा आवाज आला, अगदी शांत. "माझ्या हृदयाच्या गोळ्या जहाजावर आहेत. रात्रीची एक राहिली तर काय होतं ते मला माहीत नाही."

"चूक माझी आहे," मार्जरी म्हणाली. "एक वीसला मला फोन आला होता. मी सांगितलं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी सकाळीच बोललो होतो!" विल्फने सीटवर हात आपटला. "बोललो होतो की नाही, नोरीन?"

"बोललास," नोरीन म्हणाली. "आता गप्प बस. त्यांना विचार करू दे."

मार्जरीला उन्हाळ्यातल्या सगळ्या जहाजांचा रस्ता पाठ होता. हे जहाज उद्या सकाळी आठला इन्व्हरगॉर्डनला लागणार, म्हणजे समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर. बांधाच्या या बाजूच्या होप गावातून साडेचारला मुख्य भूमीवरच्या गिल्सला फेरीबोट सुटते, गाड्या घेऊन. तिकडून इन्व्हरगॉर्डन रस्त्याने अडीच तास. म्हणजे वाट होती. पण या वाऱ्यात फेरीबोट सुटेल का? आणि ती सुटायची वाट बघत बसलो आणि इकडे बांध उघडला तर? इथेच थांबावं की होपला जावं? थांबून बांध उघडला नाही तर फेरीही गेली, जहाजही गेलं. मग दोन म्हातारी माणसं इथेच, गोळ्यांशिवाय.

जहाजाच्या इथल्या एजंटला फोन करून तिने दोघांची नावं दिली. माणूस बरा होता. "कॅप्टनला कळवतो," म्हणाला, "पण बाहेरच्या गाडीतल्या दोघांसाठी थांबेल असं मनात धरू नका."

तिने गाडी होपकडे वळवली. फेरीबोटीच्या रांगेत उभं राहून पाऊण तास झाला तरी सुटणार की नाही हे कुणी सांगेना. विल्फ नुसती मनगटावरची नाडी बघत होता. शेवटी चार वाजून दहा मिनिटांनी केशरी कोटवाल्याने हात हलवला. घ्या आत.

बोट खाडीबाहेर पडून डुचमळायला लागली तेव्हा मॅन्सीचा फोन आला. "कुठे आहेस? बांध उघडलाय! पावणेपाचला. आणि वाऱ्यामुळे जहाजही हललेलं नाही. सव्वासहाला निघेल म्हणतात. ये लवकर!"

मार्जरीने फोन बंद केला. समोरच्या बाकावर दोघं एकमेकांना धरून बसली होती. सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. पण दुपारी एकदा न सांगून झालं होतं.

"तिथे थांबलो असतो तर जहाज मिळालं असतं," ती म्हणाली. "आत्ता कळलं."

विल्फने तिच्याकडे पाहिलं. बोट एवढी कलली की त्याच्या उत्तराला वेळ लागला. "चाळीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या," तो म्हणाला. "रस्त्यात बंद पडलेली गाडी, पाच मिनिटं थांबलो असतो तर आपोआप चालू झाली असती, असं मला रोज कुणीतरी सांगायचं." मग त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. राग गेला होता असं नाही.

वाटेत लागणाऱ्या विक गावच्या इस्पितळात नर्सने त्याचा रक्तदाब घेतला, त्याच्या डॉक्टरची नोंद शोधली आणि त्या रात्रीची गोळी दिली. तेव्हा मार्जरीच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पाणीही प्यायलेलो नाही. इन्व्हरगॉर्डनला तिने दोघांसाठी खोली घेतली. स्वतः व्हॅनमध्येच आडवी झाली, आणि जहाज येणारच नाही, वाऱ्याने ते बंदर टाळून पुढेच जाईल, या भीतीने तासातासाला उठत राहिली.

जहाज आठला पाच कमी असताना आलं. धक्क्यावर विल्फने पाकीट काढलं, तर मार्जरी दोन पावलं मागे सरली. "त्याचं काही बोलूच नका."

"मी तुमच्याबद्दल चांगलं लिहिणार नाही," तो म्हणाला. "वाईटही लिहिणार नाही. काय लिहू ते मला कळत नाही."

नोरीनने तिला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "तो फोन आला तेव्हा तुम्ही मला उठवलं असतं ना, तर मी उठले असते. मग मला कळलंच नसतं."

परतीच्या वाटेवर विकपाशी गाडी कडेला घेऊन मार्जरी पोटभर रडली. हलकं वाटलं नाही. मग तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

ऑक्टोबरात तिने एडीच्या ऑफिसात अर्ज दिला. पुढच्या मोसमात ती आठवड्यातून तीन दिवस बसमध्ये माईक धरून बसू लागली. बसच्या दिवशी तिला रात्री खरंच झोप लागे. एडी चिडवायचा, "आलीस ना माणसांत?" उरलेल्या दिवशी ती व्हॅन काढी. पण आग्नेयेचा वारा असला की दुसऱ्या बांधापलीकडे कुणी कितीही गळ घातली तरी ती जात नसे, आणि फोन आला की गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोले.

मे महिन्यात टनिक्लिफ मंडळी परत आली, जहाजाने नाही, आगगाडीने आणि फेरीबोटीने, आठवडाभरासाठी. बेंजीच्या पुतण्याने नोरीनला होडीतून खाडीत नेलं. पाणी तेलासारखं शांत होतं. तरी विल्फ काठावर पाण्याकडे पाठ करून व्हॅनला टेकून उभा राहिला आणि होडी परत वाळूला लागेपर्यंत त्याने मान वळवली नाही. मार्जरी शेजारी उभी होती. ती त्याला दर मिनिटाला सांगत होती, होडी आता इथवर आली, आता नोरीन नीट बसली आहे, आता हात हलवतेय.