अर्धी भाकरी

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत सौदामिनी हैदराबादेत रुग्णांच्या आहाराचं शिक्षण घेऊन नांदेडच्या एका दवाखान्यात लागली. कोणत्या आजाऱ्याला काय आणि किती द्यायचं, हे ती ठरवायची.

निलंग्याच्या किशनरावचा मुदतीचा ताप नुकताच उतरला होता. त्याला फक्त पेज आणि ताक द्यायचं होतं. एका सकाळी तिला त्याच्या उशाशी भाकरीचे तुकडे दिसले. या तापानं नाजूक झालेलं आतडं जड अन्नानं फाटलं, तर माणूस वाचत नाही.

"किती खाल्ली?" तिनं त्याच्या आईला, साखराबाईला विचारलं.

"अर्धीच, बाई. लेकरू भुकेनं रडून राहिलं होतं."

डॉक्टरांनी तपासलं आणि वाट पाहायला सांगितलं. सौदामिनी दिवसभर तिथून हलली नाही. 'देऊ नका' एवढंच आपण बजावलं, का ते सांगितलंच नाही, हे तिला खात होतं.

दोन दिवस गेले. पोट मऊच राहिलं; आतडं फाटलं असतं, तर ते कडक झालं असतं. मग तिनं साखराबाईला सगळं समजावलं आणि पेज रांधायला सोबत घेतलं.

आठवड्यानं साखराबाईनं विचारलं, "आज जरा दाट करू का?"

सौदामिनीनं आधी किशनरावचं पोट पुन्हा दाबून पाहिलं. मगच ती म्हणाली, "करा. पण थोडीच."