उभ्या बुद्धासमोर बाबांचं नाव

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून निघालो तेव्हा आईच्या मांडीवर खिरीचं पातेलं होतं. बाबांचा पहिला स्मृतिदिन. ते गेले तेव्हा मी व्हिसाच्या कागदांत अडकले होते, शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलेली. तिला एकच घोर लागला होता. "नागपूरले असते तर विहारात भन्तेजींनी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं असतं. इथं कोण घेईन?" ती स्वतः घेणार नाही, हे धरूनच चालायचं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडी बाबा म्हणजे 'हे', नाहीतर 'तुझे बाबा'. म्हणून मी दोन तासांवरच्या खेड्यातलं जपानी बौद्ध मंदिर शोधून काढलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या भाजीपाल्याच्या शेतांवर कामाला आलेल्या जपानी कुटुंबांनी ते बांधलंय.

हायवे सुटला आणि दोन्हीकडे पिवळी पडलेली शेतं लागली. "अवं, हे तर सोयाबीन हाये," आई काच खाली करत म्हणाली. "आपल्याकडचंच." तेवढ्यानं तिची कळी खुलली.

मंदिर पांढऱ्या लाकडाचं, बुटकं. दाराला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद: प्रार्थना फक्त शेवटच्या रविवारी. आज पहिला शनिवार होता.

"फोन करायले काय झालं होतं तुले?"

"वेबसाइटवर ओपन लिहिलं होतं, आई."

"मग वेबसाइटलेच म्हणा दार उघड."

मी रडायच्या बेतात होते. एवढ्यात शेजारच्या अंगणात कुंपण छाटणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या बाई कात्री घेऊनच आल्या. नाव फुमी. जन्म इथलाच, त्यामुळे इंग्रजी माझ्यापेक्षा झकास. मी सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, आईच्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं आणि किल्ली आणायला गेल्या.

आत चर्चसारखे बाक. आईनं उंबऱ्याशीच चपला काढल्या. "इथे बूट चालतात, फरशी गार आहे," फुमी म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं. "ना बाई," आई म्हणाली. फुमींनी तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, खाली बसल्या आणि सावकाश आपलेही बूट काढले. त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

समोर सोनेरी बुद्ध, पण उभा. आईला ते पटेना. "आपले तर बसलेले असतात. हे उभे काहून?"

मी विचारलं तशा फुमी हसल्या. "कोणी हाक मारली तर उठण्यात वेळ जाऊ नये म्हणून."

मी ते आईला मराठीत सांगितलं. तिनं मेणबत्ती लावली आणि आम्ही दोघींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. फुमी हात जोडून शेजारी उभ्या होत्या.

मग त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. इथे शोत्सुकी (त्या-त्या महिन्यात गेलेल्यांचं स्मरण) असतं. दर वर्षी त्या महिन्यात वहीतली नावं सगळ्यांसमोर वाचतात. ऑक्टोबरचं पान उघडून त्यांनी पेन हातात घेतलं. "नाव काय त्यांचं? आमच्याकडे घरातलं सगळ्यात मोठं माणूस सांगतं."

हे मी आईला सांगितलं आणि लगेच म्हणाले, "राहू दे, मी सांगते."

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. पदर डोक्यावरून घेतला. "सुखदेव," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, त्या बुद्धाकडे बघत, "सुखदेव."

तिच्या तोंडून मी ते नाव जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. वर्षभर छातीत अडकून बसलेलं रडू तिथेच फुटलं.

पायरीवर बसून तिघींनी खीर खाल्ली, फुमींच्या घरचा मुळ्याचा टाकुआन (लोणचं) खाल्ला. निघताना त्यांनी पातेलं धुऊन, त्यात आपल्या झाडाची काकी (तेंदूसारखी गोड फळं) भरून दिलं. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांच्याकडेही आहे. एका अनोळखी बाईनं माझ्या बाबांना आपल्या माणसांत जागा दिली. हे उपकार मी कुठे फेडू?

घरी पोचतो तोच नागपूरहून मावशीचा फोन आला. स्पीकरवरच होता.

"झालं का वं सगळं? नाव कोणी घेतलं मग?"

आई पातेल्यातली फळं एकेक करून बाहेर काढत होती.

"म्या," ती म्हणाली.