एकदाच वाचता येणारी नोंद

आज लॅबमध्ये मोटरच्या जळक्या वाइंडिंगचा वास आला आणि उधन्याचा तो कापड कारखाना आठवला. लूमवर शॉक लागून एक कामगार गेला होता. मालक म्हणत होता, चूक त्याचीच. लूमला जोडलेलं आमचं टेस्टिंगचं मीटर अजून चालू होतं. बिघाड झाला की त्याच्या स्टेटस रजिस्टरमध्ये नोंद होते, पण ती एकदा वाचली की पुसली जाते. मी ती वाचायची कमांड देणार, तेवढ्यात माझ्या साहेबांनी हात धरला. "थांब. आधी त्या कामगाराच्या भावाला बोलाव."

मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटला.

भाऊ आला. मी कमांड दिली, स्क्रीनवर आकडा उमटला. साहेब हळूच म्हणाले, "चूक त्याची नव्हती, दादा. मशीनच्या बॉडीत करंट उतरला होता."

"परत एकदा दाखवा ना, साहेब," भाऊ म्हणाला.

मी पुन्हा कमांड दिली. शून्य आलं.

ती नोंद मग आम्हा तिघांच्या आठवणीतच राहिली. आता साहेबही नाहीत.