नक्कोमावशीचं लिंबू

लग्न जुळवणाऱ्या बाईचं नाव नक्कोमावशी असावं, हे हैद्राबादेतच होऊ शकतं. चहा पुढे केला, नक्को. खुर्ची दिली, नक्को. रिक्षापर्यंत सोडायला निघालं, नक्को. बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांना वाटायचं, नाव त्यावरूनच पडलं. जाड भिंगांचा चष्मा आणि काखेत पत्रिकांची कापडी पिशवी घेऊन ती घरोघर हिंडायची. मात्र तिने जुळवलेल्या लग्नांइतकीच तिच्या पिशवीत मोडलेली स्थळंही होती. "एकनाड निघाली हो, दोघांची नाडी एकच," असं म्हणून ती चांगली ठरत आलेली बोलणी थांबवायची आणि मुलीचे बाप हळहळत बसायचे.

माझं तिच्याबद्दलचं मत मी तेव्हा छापूनच टाकलं होतं. ते नव्या कंपन्यांचे दिवस होते. मुलांचे बायोडाटा कॉम्प्युटरवर टाइप होऊन येऊ लागले होते आणि 'स्टेट्स', म्हणजे अमेरिका, हा शब्द गोत्राच्याही वरच्या ओळीत जाऊन बसला होता. देश खुला झाला म्हणे. मुलीचं तोंड तेवढं बंदच. वधू-वर मेळाव्याच्या दारात उभी राहून मी पत्रकं वाटली: 'मुलगी म्हणजे मंडईतली भाजी नव्हे! पत्रिका जाळा!' खाली नक्कोमावशीसारख्यांना उद्देशून एक जळजळीत ओळ होती. लोकांनी पत्रकांच्या घड्या घालून वारा घेतला. पूर्ण वाचलं ते एकट्या मावशीने. चष्म्याला कागद टेकवून.

"'दलालिण' लिहिलंयस, त्यातला 'ली' दीर्घ पाहिजे," ती म्हणाली. "शिवी द्यायची तर शुद्ध दे गं. आणि अजून दहा दे, पोट्ट्यांना वाचायला देते."

ती माझी टर उडवते आहे असं मला वाटलं. रागाने मी दहाच्या जागी वीस दिली.

पुढच्याच महिन्यात ती आमच्याच घरी आली, ताईचं स्थळ घेऊन. ताई हिमायतनगरच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि फळा पुसतानासुद्धा खूश असायची. मुलगा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, चार महिन्यांत अमेरिकेला जाणारा. बाबांनी आठवडाभर आधीच ही बातमी गल्लीला सांगून ठेवली होती. मी घरात जाहीर केलं, की पोह्यांच्या ट्रेला मी हात लावणार नाही. "नक्को लावू," मावशी म्हणाली, "तुला कोण बघायला आलंय?"

मुलगा वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, तिकडे व्हिसामुळे ताईला नोकरी करता येणार नाही. घर मात्र मोठं असेल. त्यानंतर ताई पोहे वाढायला आत आली, तिने बशा भरल्या, आणि इतक्यात मुलाच्या आईने तिला पुन्हा बाहेर बोलावलं. त्यांना ताईचं मराठी वाचन ऐकायचं होतं. आपल्याबरोबर आणलेलं मासिक त्यांनी तिच्या हातात दिलं. तेलुगू आणि इंग्रजीत शिकलेली माझी बहीण, एम.एस्सी. झालेली, अक्षरं लावत वाचायला लागली. मध्येच अडखळून म्हणाली, "हा शब्द नक्को, पुढचं वाचते."

"नक्को!" मुलाची आई हसली. "किती गोड बोलतात हो इथे. मराठीच वाटत नाही."

"ओ विहीणबाई," मावशीचा आवाज आला, "'नको' आमच्याच लोकांनी दिला या शहराला. शहराला आवडला, त्याने एक 'क' जास्तीचा लावून ठेवला. तुमच्या पुण्यात कमी पडला असेल तर घेऊन जा."

मी हे सगळं स्वयंपाकघरातून एकटीच ऐकत होते. बाहेरून बाबांनी हाक मारली, "पोहे आणा!" आई बाहेर पाहुण्यांपाशी. समोर बशा तयार, पण एकीवरही लिंबाची फोड नाही. लिंबू शेजारीच चिरून ठेवलेलं. मला वाटलं, ताई घाईत विसरली. आता ही पुण्याची बाई म्हणणार, हैद्राबादेत लिंबूसुद्धा ठेवता येत नाही! मी प्रत्येक बशीवर ठसठशीत फोड ठेवली, आणि ज्या ट्रेला हात न लावण्याची शपथ घेतली होती तोच ट्रे ताठ मानेने बाहेर नेला.

ताईने बशी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मावशीने बशी पाहिली, चष्मा सारखा केला, ताईकडे बघितलं; ताईने मान खाली घातली होती. मग पिशवीतून पत्रिका काढून मोठ्याने म्हणाली, "बत्तीस गुण जुळतात. नाडीदोष नाही." बाबांनी साखर वाटली. सुपारी दुसऱ्याच दिवशी फोडायची ठरली.

पाहुणे गेल्यावर ताई ओट्याला टेकून रडायला लागली. तेव्हा तिच्याकडून मला कळलं, बरकतपुऱ्यातल्या किती पोरींना जे ठाऊक होतं ते. मुलगा बघून झाला की पोहे मुलीनेच वाढायचे. लिंबू ठेवलं तर हौ, म्हणजे होकार. नाही ठेवलं तर नक्को. नक्को असेल तर मावशीच्या पिशवीतून एकनाड निघायची. पोरींना ती स्वयंपाकघरात गाठून सांगायची, "आधी नक्को म्हणायला शिक गं. हौ काय, आपोआप येतं." नाव खरं तिथून आलेलं.

"लिंबू कोणी ठेवलं?" मागे थांबलेल्या मावशीने विचारलं.

"मी."

"वा गं क्रांतिकारक! जन्मभर बोंबलशील पोरींना विचारा म्हणून, आणि बहीण देऊन आलीस की लिंबाच्या फोडीवर!"

एवढंच बोलली. मग चप्पल घातली. पाहुणे चिक्कडपल्लीला नातेवाइकांकडे उतरले होते, तिथे आम्ही दोघी गेलो. भरल्या घरात, उभ्यानेच, ती म्हणाली, "माझी चूक झाली. डोळ्यांना नीट दिसलं नाही. एकनाड आहे. हे लग्न करू नका."

"इतकी वर्षं पत्रिका बघता आणि नाडी दिसत नाही?" मुलाची आई कडाडली. "मग धंदा कशाला मांडलाय?"

तोपर्यंत मी मावशीला कुणालाही उत्तर दिल्याशिवाय सोडताना पाहिलं नव्हतं. ती मान खाली घालून म्हणाली, "हौ."

परत येताना मी तिच्याशी भांडले. खरं का सांगितलं नाही? मुलगी नाही म्हणते, असं ठणकावून सांगायचं होतं!

"तुझंच खरं आहे," ती म्हणाली. "पण पोट्टी नाही म्हणाली असं कळलं, तर उद्या तिलाच नावं ठेवतील. माझं नाव गेलं तर जाऊ दे. मला कुठं लग्न करायचंय?" चार पावलं गेल्यावर पुन्हा बोलली, "पत्रिका जाळ गं खुशाल. पण आधी पोरीचं नक्को ऐकणारे कान तयार कर. तोवर माझी एकनाड राहू दे."

मी विचारलं, तुझ्या लग्नात तुला विचारलं होतं का?

"नाही. विचारलं असतं तर हौच म्हणाले असते, इतका भला माणूस होता." तिने पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "पण विचारायला पाहिजे होतं."

त्या दिवसानंतर तिला बोलावणी येईनाशी झाली. म्हातारीला पत्रिका दिसत नाही, हे महिन्याभरात हिमायतनगरपर्यंत पोचलं. मी बाबांना लिंबाची गोष्ट सांगितली. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मावशीशी कधीच. मी आजही पत्रकं लिहिते. पत्रिका हा थोतांड प्रकार आहे, हे आजही छापते. 'दलालीण' हा शब्द मात्र मी पुन्हा वापरला नाही.

मागच्या वर्षी मावशी गेली. तिची सगळ्यात लक्षात राहिलेली भेट, काही वर्षांनी झालेल्या ताईच्या लग्नातली. मुलगा ताईच्याच शाळेतला, विज्ञानाचा मास्तर. पत्रिका कुणी काढलीच नाही, आणि बाबांनी कुरकुरत का होईना, ताईला आधी विचारलं. आमंत्रणाच्या यादीत मावशी नव्हती. मी जाऊन घेऊन आले. ती शेवटच्या पंगतीला, कोपऱ्यात बसली. वाढप्याला प्रत्येक पदार्थाला नक्को, नक्को चाललेलं. ताई पंगतीत स्वतः आली, तिच्या पानापाशी वाकली आणि डाव्या कोपऱ्यात लिंबाची फोड ठेवली.

मावशीने ती उचलली, चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिनेच ठेवली ना गं? तू नाहीस ना?"