बापूंनी बदललेला दरवाजा

बापू काहीही उघडायच्या आधी खडूने लिहून ठेवत. पंपाचा वायसर बदलायचा असला तरी कोणता स्क्रू आधी काढला, कोणता नंतर, ते पडवीच्या भिंतीवर लिहिलेलं असे. बायको होती तोवर ती भिंत पुसायची आणि शिव्या द्यायची. ती गेल्यावर भिंत तशीच राहिली. कोणी हसलं तर म्हणत, "परतीची वाट आधी लिवची, मगे पुढे जावचा."

बरीच वर्षं ते जहाजावर रेडिओ सांभाळत होते. निवृत्त होऊन तोंडवलीला आले आणि वाचनालयाचा संगणक त्यांच्या गळ्यात पडला. त्यावर लिनक्स होतं, फुकट मिळतं ते. त्यांना सगळं येत होतं असं मी म्हणणार नाही. तेही म्हणत नसत. अडलं की चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "माका म्हायत नाय. बघूया." गावातल्या दुसऱ्या पुरुषाच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नाही.

मी मासे विकायची. शिक्षण चौथी. मुलगा विजय जहाजावर खलाशी. जहाज बंदराला लागलं की तो संगणकावर लिहून बोलायचा. त्याचं मी वाचायची, पण माझं उत्तर वाचनालयातली मुलगी टाइप करायची. मुलगी चांगली होती, पण तिच्या हातून मी काय सांगणार? बरं आहे. वेळेवर जेव.

त्या वर्षी विजय आणखी नऊ महिन्यांच्या करारावर सही करणार होता. मला सांगायचं होतं की तुझे बाबा परत प्यायला लागलेत, मला एकटीला झेपत नाही, सही करू नको. नवरा पितो हे गावाला माहीत होतं. माझ्या तोंडून कोणाला ऐकवायचं नव्हतं.

बापूंना मी एवढंच म्हटलं, "माका माझ्या हातान लिवचा आसा."

का, ते त्यांनी विचारलं नाही. एका पुठ्ठ्यावर संगणकाची बटणं काढून त्यावर मराठी अक्षरं लिहून दिली. महिनाभर मी चुलीपुढे त्या पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. अडचण वेगळीच होती. संगणक चालू केला की पहिल्या पडद्यावर नाव इंग्रजीत लिहावं लागे. बापू त्या पडद्याला दरवाजा म्हणत. ते म्हणाले, "दुसरो दरवाजो बसवतंय. आपला चित्र दाबायचा, चार आकडे घालायचे, की आत." संगणकावर बसणाऱ्या आम्हा बायकांपैकी प्रत्येकीला त्यांनी चित्र म्हणून एक मासा दिला. सुरमई सरपंचाच्या बायकोने आधीच बळकावली होती. मी बांगडा घेतला.

हे काम ते रविवारी निवांत करणार होते. पण विजयचं जहाज लवकर लागलं. गुरुवारी चार ते साडेचार, एवढाच वेळ त्याला होता. मी सकाळपासून बापूंच्या मागे लागले, "आज होऊकच होया."

दुपारी त्यांनी नवा दरवाजा घातला, जुना काढून टाकला आणि संगणक बंद करून चालू केला. दरवाजाच नाही. काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. बांगडा नाही, सुरमई नाही.

"बापू, काय झाला?"

"माका म्हायत नाय."

"बघूया म्हणा मगे!"

ते हसले नाहीत. वाचनालयात भिंतीऐवजी ते वहीत लिहीत, ती खिशातून काढली, उघडली, मिटली. "आज मी कायच लिवलंय नाय. चूक माझी."

चूक माझीही होती, घाई मी केली होती.  घड्याळात चार वाजले. ते काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करत, वाचत, मान हलवत. मी म्हटलं, "मोडलात तुमी तो." ते म्हणाले, "गप रव गो शेवंते."

सव्वाचार झाले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "होडी हाकणारो जुनो तांडेल उतरवलो, पण होडयेच्या कागदार नाव तेचाच आसा! नवो म्हणता, माझा नाव नाय तर मी होडी कित्याक हाकू?" कुठल्याशा एका ओळीत त्यांनी जुन्या दरवाजाचं नाव खोडून नव्याचं घातलं. संगणक पुन्हा चालू केला. मासे आले.

चार वीस. मी म्हटलं, "आता तुमीच लिवा, येळ नाय."

"झील तुझो आसा, तेका तूच लिव," म्हणत ते उठले आणि पायरीवर पाठ करून बसले.

मी बांगडा दाबला. एका बोटाने अक्षरं शोधत तीन ओळी लिहिल्या. त्या पाठवल्या. मग आलं, "आये, कोण लिवता?"

"मीच."

"येतंय," एवढंच त्याने लिहिलं.

नव्या करारावर सही न करता, हातातला संपवून तो चार महिन्यांनी आला. नवऱ्याची दारू सुटली नाही, पण सांभाळायला आम्ही दोघं झालो. बापूंनी मात्र मी काय लिहिलं, तो काय म्हणाला, हे कधीच विचारलं नाही. एकदा मीच सांगायला गेले तर म्हणाले, "माका कित्याक सांगतंस?"

पुढे विजय पुन्हा जहाजावर गेला. तो तिकडे असतानाच बापू गेले. बातमी मीच कळवली, वाचनालयात बसून, एका बोटाने. दोन ओळी लिहिल्या. मुलीने विचारलं, "काकी, मदत करू?"

मी म्हटलं, "नको."