मध्यंतरापर्यंतचे भाऊजी

ये, बैस अशी जवळ. दारातूनच 'बरी आहेस ना मावशी' म्हणून हात हलवणाऱ्यांचा मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे. पुण्याला जाता-येता तुझी एसटी पनवेलच्या स्टँडवर थांबते आणि तू खाली उतरत नाहीस, तेही मला ठाऊक आहे. असू दे. आलीच आहेस तर आमच्या शेजारच्या भाऊजींची गोष्ट ऐकून जा. पृथ्वीवर आणि पृथ्वीबाहेर कुठल्याही गोष्टीचा दुसरा भाग ही पहिल्याची नक्कल असते, असं त्यांच्याइतकं ठासून सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि असता, तर भाऊजी म्हणाले असते, नक्कल आहे.

भाऊजी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातलेच यहुदी. कचेरीतून रिटायर झालेले, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, आणि पोह्यांवर ओलं खोबरं माझ्यापेक्षा सढळ. वेड एकच, अवकाशयानांचे सिनेमे. उडत्या तबकड्या, यंत्रमानव, परग्रहावरचे हिरवे लोक, काही वर्ज्य नाही. नवा सिनेमा लागला की पहिल्याच शुक्रवारी बघायचा, आणि एकदा बघितलेला पुन्हा बघायचा नाही, हे नियम. "पहिल्या भागात माणसाला काहीतरी सुचलेलं असतं, वहिनी," ते सांगायचे. "दुसऱ्यात तेच यान, तीच उल्का, तोच यंत्रमानव. फक्त त्याला पॉलिश केलेलं." हे सिनेमापुरतं ठेवलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण खारघरमधले उंच टॉवर बघून म्हणाले, "हा पनवेलचा दुसरा भाग. बजेट वाढलं, स्टोरी नाही." माझ्या मुलाला दुसरा मुलगा झाला तेव्हा पाळण्यात वाकून बघितलं आणि सुनेच्या देखत म्हणाले, "पहिल्याचीच कॉपी आहे. आवाज तेवढा वाढवलाय." सून आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि पोराचा आवाज मात्र खरंच वाढलेला होता.

गंमत तिथवर ठीक होती. पण हे खूळ डोक्यात शिरलं तेच त्यांची बायको गेल्यावर; घरात ते एकटे उरले, आणि एकुलती एक लेक इस्राएलला. ती दर रविवारी फोन करायची. भाऊजींना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर, आणि आमची भिंत पातळ, त्यामुळे मी न ऐकण्याचा प्रयत्न करूनही सगळं ऐकायची. "पप्पा, आता इकडे या ना कायमचे." "येऊन काय करू? पहिला भाग तुझ्या आईबरोबर झाला. तिकडे पुन्हा तोच चहा, तोच पेपर, त्याच गोळ्या. लोकेशन तेवढं फॉरेनचं." मग एका हिवाळ्यात भाऊजी न्हाणीघरात पाय घसरून पडले. भिंतीवर टकटक ऐकू आली, म्हणून मी धावले. पुढच्या वेळी मी भाजी आणायला गेलेली असले तर? हे मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, "तर मग टकटक करणार नाही."

पाय बरा झाला, तसा त्यांच्या एका लाडक्या सिनेमाचा दुसरा भाग लागला. त्यांना एकटं कसं सोडणार, म्हणून मीही निघाले. मॉलमधल्या थिएटरात शुक्रवारचा दुपारचा खेळ. सकाळचा त्यांना जमत नाही, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी ऊन उतरल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत, त्यांच्यात चूल पेटवत नाहीत, तेव्हा शनिवारचं जेवण शुक्रवारी सकाळीच करून ठेवायचं. सिनेमा सुरू झाला आणि भाऊजींच्या बोलण्यात तथ्य आहे हे मला पटायला लागलं. तेच यान, तीच मुलगी, तोच यंत्रमानव, आणि त्याला खरंच पॉलिश केलेलं. मध्यंतर झालं. मी पॉपकॉर्नचं बघते आहे, तर भाऊजी पिशवी घेऊन उभे.

"कुठे?"

"घरी. दिवे लावायचेत शब्बाथचे, ऊन उतरायच्या आत. तुम्ही बसा, वहिनी. पुढे काय होणार ते माहीतच आहे."

"प्रत्येक वेळी असेच उठता?"

"ती होती तेव्हा ती लावायची दिवे. मी शेवटपर्यंत बसायचो."

आणि गेले. म्हणजे बघ, पहिले भाग पाहिले ते अख्खे, कारण घरी दिवे लावणारी होती. दुसरे भाग सगळे निम्मे. आणि त्या निम्म्याच्या जोरावर हा माणूस सगळ्या ब्रह्मांडाला नक्कल ठरवत होता.

मी शेवटपर्यंत बसले. शनिवारी दिवस मावळल्यावर चहा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, "पहिल्या भागात सगळे पृथ्वीवर परत येतात ना? या वेळी ती मुलगी परत येतच नाही. तिथेच राहते, लाल मातीत वांगी लावते. घड्याळ मात्र आपल्या पृथ्वीच्याच वेळेचं ठेवते."

"परत येत नाही?"

"नाही."

"वांगी येतात?"

"दोन आली. वाकडी होती."

भाऊजींचा चहा गार झाला. रविवारी आपला नियम मोडून ते तोच सिनेमा पुन्हा बघायला गेले, दिवे उजळेपर्यंत बसले, आणि परत आल्यावर भिंतीपलीकडून मला फोन ऐकू आला. या वेळी लेकीच्या आधी तेच बोलले. "वांग्याचं बी आणलं तर चालतं का गं तिकडे?" पलीकडे आधी हसू, आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

लेकीकडे निघण्याआधी त्यांनी मलिदा केला. त्यांच्यात शुभकार्याला, प्रवासाला निघताना करतात. भिजवलेले पोहे, साखर, वेलची, फळं, आणि खोबरं नेहमीसारखं सढळ. प्रार्थना झाल्यावर पहिली वाटी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "चव दर वेळेसारखीच आहे." म्हणाले, "ही नक्कल चालते."

आता मलाही तिकडून त्यांचा फोन येतो. मी विचारते, "काय भाऊजी, नक्कल की नवं?" तर म्हणतात, "अजून मध्यंतर व्हायचंय. पण इथे शुक्रवारी सगळं गावच दिवे लावायला घरी पळतं, त्यामुळे मीच एकटा उठून आलो असं वाटत नाही. फक्त भिंतीवर टकटक केली, की पलीकडून हिब्रूत ओरडतात." मी हसते. मग फोन ठेवते आणि भिंतीकडे बघते. पलीकडे आता नवरा-बायको राहतात, दोघं नोकरीवाली, दिवसभर काही आवाज नाही.

चल, तुझी गाडी चुकेल. पण ऐक, त्या सिनेमाचा तिसरा भाग यायचाय म्हणतात. शेवटपर्यंत बसून भाऊजींना सांगायचं मी कबूल केलंय, आणि अंधारात बडबड करायला बाजूला कुणीतरी लागतं. तेव्हा लवकर ये. स्टँडवर उतरलीस की मी आहेच.